सुतळी सोडलेल्या गड्ड्या

परवा ईशाननं व्हिडिओवर विचारलं, "आजी, आजोबांचं पुस्तक आता कोण पूर्ण करणार?" त्याच्या मागच्या खिडकीत बर्फ दिसत होता. मी म्हटलं, "बघू." अनया चौदा वर्षांची झाली आहे, तिला कुठं गप्प बसायचं ते कळतं. तिनं त्याला कोपरानं ढोसलं. तेवढ्यात तिकडे कुणीतरी शाळेची बस आल्याची हाक मारली आणि माझी सुटका झाली.

तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. हे मी तुमच्याशी बोलते आहे, पण वाचणार ती दोघं आहेत. रविवारी सकाळी स्क्रीनसमोर पाटी धरून तुम्हीच त्यांना बाराखडी शिकवलीत, त्यामुळे वाचतील. त्यांना वेगळं पत्र लिहायला मी दोनदा बसले. दोन्ही वेळा पत्र फार व्यवस्थित झालं. परिच्छेद बरोबर, कारणं बरोबर, आणि त्यात मी कुठंच चुकलेली नव्हते. तुमच्यासमोर तसं लिहिता येत नाही. म्हणून तुमच्याशी बोलते, त्यांनी शेजारी बसून ऐकावं.

त्यांना एवढंच ठाऊक आहे की आजोबा परभणीच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे, आजी इंग्रजी शिकवायची, आणि सुट्टीत आजोबा खेड्यापाड्यांत जाऊन देवांचा अभ्यास करायचे. हा शब्द तुम्हाला आवडायचा नाही. "देवांचा अभ्यास देव करतील," म्हणायचात. "माणसं देवाचं काय करतात, एवढंच मी बघतो." मी म्हणायची, "एवढंच बघायला तीस वर्षं लागतात का?" तुम्ही म्हणायचात, "तुला शेक्सपिअर समजायला किती लागली?" त्यावर मी उत्तर देत नसे, कारण समजला होता असं मला कधीच वाटलं नाही.

पहिली फेरी मात्र माझ्या हातची होती. आपल्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. संशोधनाच्या पद्धतींवरचं एक इंग्रजी पुस्तक वाचून मी चोवीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली, मराठीत उतरवली, कॉलेजच्या यंत्रावर तिच्या प्रती काढल्या. चारठाण्याच्या अलीकडं एका वाडीवर आपण उतरलो. ओट्यावर एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत होती, भोवती तीन-चार बायका. मी पहिला प्रश्न वाचला. ईश्वराच्या अस्तित्वावर आपला विश्वास आहे का? होय, नाही, सांगता येत नाही.

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं.

"हे सरकारी हाय का, बाई?"

"नाही, कॉलेजचं आहे."

"मंग देव हाय का न्हाई हे तुमाला कशाला पायजे? रेशनकार्डात नाव घालायलाव का त्याचं?"

बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. एक म्हणाली, "घाला की वो, तेवढीच साखर जास्तीची मिळंल." सगळ्यांत जास्त तुम्ही हसलात. मला राग आला होता. तुम्ही माझ्या हातातली प्रश्नावली घेतलीत, घडी करून खिशात टाकलीत, आणि म्हातारीच्या पुढ्यात बसून शेंगा सोलायला लागलात. दोन तास. तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत आणि ती बोलत राहिली.

परतीच्या एसटीत तुम्ही म्हणालात, "प्रश्न चुकीचा नव्हता. पण ती बाई वर्षाकाठी एकदाही तो प्रश्न स्वतःला विचारत नसणार. मग तिनं 'होय' म्हटलं असतं तर ते होय कुणाचं? आपलंच. आपण तिच्या तोंडात घातलेलं."

"मग विचारायचं तरी काय?"

"शेंगा कशा आहेत ते."

मी भांडले. तुलना करायची तर सगळ्यांना एकच प्रश्न विचारायला हवा, नाहीतर त्याला शास्त्र कसं म्हणायचं, असं म्हणाले. तुम्ही म्हणालात, तुलना करायची तर आधी माणूस शाबूत हवा. जिंतूर येईपर्यंत आपण भांडत होतो. समोरच्या सीटवरचा माणूस शेवटी मागं वळून म्हणाला, "गुरुजी, बाईमाणसाचं ऐकून घ्यावं एकदा, आमाला बी झोप लागंल." ते भांडण नंतर चाळीस वर्षं चाललं. त्याच्यातच आपण संसार केला.

तुमचा एक नियम मुलांना सांगते, कारण तो तुम्ही कुठं लिहून ठेवलेला नाही. कुणी सांगितलं की मला देवी दिसली, की मी घरी आल्यावर विचारायची, "खरंच दिसली असेल का हो?" तुम्ही म्हणायचात, "हा प्रश्न दाराबाहेर चपलांपाशी ठेवून आत जायचं." मी म्हणायची, "आणि येताना?" "येताना घालून यायचं. चपला कुणी तिथंच सोडून येत नाही." मला तेव्हा ही पळवाट वाटायची. मोठमोठ्या पुस्तकांत हीच गोष्ट किती अवघड शब्दांत लिहिली आहे ते नंतर वाचलं. तुमचं सोपं होतं म्हणून मी हलकं धरलं.

आता कार्डांबद्दल. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणून सकाळपासून मी भाजी निवडली, कपाट आवरलं, औषधांचे डबे पुसले. तुमची औषधं अजून टाकलेली नाहीत.

घरी आल्यावर तुम्ही ऐकलेलं सगळं पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदांवर उतरवायचात, ज्याचं त्याच्या शब्दांत. एका कार्डावर एक बोलणं. एका माणसाची कार्डं एका गड्डीत, सुतळीनं बांधलेली. गड्ड्या बुटांच्या खोक्यांत. कार्डांवर नाव नसायचं, गावही नसायचं. कुठली गड्डी कुणाची, हे फक्त तुमच्या डोक्यात.

त्याला कारण होतं. अगदी सुरुवातीला एका मासिकात तुम्ही लेख लिहिला होता. त्यात एका बाईचं बोलणं नावानिशी आलं होतं, गावातल्या पुजाऱ्याबद्दल. ते मासिक त्या गावात कसं पोचलं देव जाणे. पुढच्या खेपेला तुम्ही गेलात तेव्हा त्या बाईनं दार उघडलं नाही. आतून एवढंच म्हणाली, "सर, तुमी लिव्हलं ते खरं हाय. पण राहायचं मला हाय इथं." त्या दिवसापासून तुम्ही नाव लिहिणं बंद केलंत. मी म्हटलं, निदान एका वहीत क्रमांक आणि नावं तरी ठेवा, वही कुलपात ठेवू. तुम्ही म्हणालात, वही सापडली की माणूस सापडतो.

सहा खोकी भरली. निवृत्तीनंतर पुस्तक लिहायचं ठरलं होतं. मी विचारलं, "प्रकरणं कशी पाडणार? देव, नवस, व्रतं, मृत्यू, असं?" तुम्ही म्हणालात, "माणसांची. एक माणूस, एक प्रकरण."

"म्हणजे तीनशे प्रकरणं?"

"दोनशे बारा."

"कोण वाचणार?"

"तू. तुला सवय आहे."

मग तुमच्या छातीत दुखायला लागलं आणि धाकटे भाऊजी तुम्हाला उपचारासाठी हैदराबादला घेऊन गेले. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, मला प्रवास नको म्हणाले. मी घरी एकटी राहिले. रोज सकाळ-संध्याकाळ फोन यायचा, बरं आहे, अजून थोडे दिवस. मला भीती वाटत होती. मला भीती वाटली की मी आवरायला घेते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

मी ती सहा खोकी आवरली.

अकरा दिवस लागले. दिवाणखान्यात जाजम अंथरून खुर्चीवर बसून एकेक गड्डी सोडली. प्रत्येक कार्ड वाचलं, विषय ठरवला, आणि त्या त्या विषयाच्या ढिगात ठेवलं. नित्यपूजा. नवस. अंगात येणं. पाणी. मृत्यू आणि दहावा-तेरावा. धर्मांतर. उरूस आणि दर्गे. प्रत्येक विषयाला रंगीत चिठ्ठी, त्यावर छापील अक्षरात नाव, आणि सगळ्यांची एक इंग्रजी सूची, वर्णानुक्रमानं. मी चाळीस वर्षं पोरांना टिपणं कशी काढायची ते शिकवलं, आणि त्या अकरा दिवसांत केलं त्याहून सुंदर काम मी आयुष्यात केलं नाही. तुम्ही बरे होऊन याल आणि पुस्तकाची प्रकरणं तयार दिसतील, असं मला वाटत होतं. सोडलेल्या सुतळ्या मी गोळा करून मोलकरणीला दिल्या. तिनं शेवग्याच्या शेंगांच्या जुड्या बांधायला नेल्या.

तुम्ही आलात, हात धुतलेत, आणि मी उत्साहानं पहिलं खोकं तुमच्यापुढं ठेवलं. तुम्ही झाकण उघडलंत. रंगीत चिठ्ठ्या पाहिल्यात. एक कार्ड काढून वाचलंत, परत ठेवलंत. दुसरं खोकं उघडलंत. मग सहाही उघडून पाहिलीत, उभ्याउभ्याच.

"छान लावलंयस," म्हणालात. "चहा टाकतेस?"

मी खूश होऊन चहा टाकला. इतकी मी शहाणी.

आठवड्यानं मी विचारलं, लिहायला कधी बसणार. तुम्ही पलंगावर होतात, हातात दोन कार्डं होती. ती तुम्ही एकदा जवळ, एकदा लांब धरून बघत होतात. म्हणालात, "गड्डी म्हणजे माणूस होता गं."

मला कळायला थोडा वेळ लागला. आणि मी काय म्हणाले ते मुलांनी ऐकावं. मी म्हणाले, "मग वर नाव लिहायचं होतं की. हे कुठलं शास्त्र? उद्या घराला आग लागली असती तर?"

माझं म्हणणं बरोबर होतं, हेच वाईट आहे. नाव लिहायलाच हवं होतं. कुठलाही शिस्तीचा संशोधक ते करील. आणि तुमचंही बरोबर होतं, कारण दार न उघडणारी ती बाई तुम्ही पाहिली होती, मी नव्हती पाहिली. आपण दोघं बरोबर होतो आणि दोनशे बारा माणसं आपल्या दिवाणखान्यात कालवली गेली. मी "चुकले" असं म्हटलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतर तीन वर्षांत कधी नाही. म्हणायला गेलं की तोंडात पुन्हा "पण नाव लिहायला हवं होतं" हेच यायचं, म्हणून मी तो विषयच टाळला.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. 'नित्यपूजा' खाली मी एक कार्ड लावलं होतं: "दिवा लावला नाही तर चुकल्यासारखं वाटतं. लावला तर काहीच वाटत नाही. तरी लावते." लावताना मी मनात म्हटलं होतं, कुणीतरी शिकलेली बाई दिसते, भाषा शुद्ध आहे. पुढच्या वर्षी एका संध्याकाळी देवाजवळ काडी ओढताना हात थांबला. ते वाक्य माझं होतं. कधीतरी चहा पिताना बोलले असेन, आणि तुम्ही आत जाऊन लिहून ठेवलं होतं. म्हणजे माझीसुद्धा एक गड्डी होती. दोनशे बारात मी होते. मी स्वतःच्या हातानं स्वतःची सुतळी सोडली, माझं बोलणं वाचलं, आणि मला ते ओळखू आलं नाही. त्या गड्डीत आणखी काय काय होतं? कुठल्या कुठल्या ढिगात मी मला टाकलं? मी शोधलं. आणखी एक वाक्य माझं असावं असं वाटतं. खात्री नाही.

मुलांनी पुस्तकाचं विचारलं की तुम्ही सांगायचात, "होतंय रे, घाई कशाला? माणसं बोलायला वेळ घेतात." मी शेजारी बसलेली असायची. तुम्ही एकदाही माझ्याकडं पाहायचा नाहीत, मला वाचवण्यासाठीच. मी ते क्षमा म्हणून घेतलं. मनातल्या मनात तुमचे आभार मानले आणि पोळ्या लाटायला गेले.

आता मंगलताईंचं सांगते. ते सांगितल्याशिवाय बाकी सगळं सांगण्यात अर्थ नाही.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले होते. मुलगा परत गेला होता, घर रिकामं झालं होतं. अकराच्या सुमारास बेल वाजली. साठीच्या एक बाई, पांढरी साडी, खांद्याला पिशवी. चुडाव्याजवळच्या गावाहून गाडीनं आल्या होत्या. गावाचं नाव मी लिहीत नाही. तुम्हीही लिहिलं नसतं. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. तुमच्या फोटोला त्यांनी हात जोडले, मग बसल्या.

"मॅडम, तुमी मला ओळखत नाही. सर आमच्या वस्तीवर यायचे. मी तवा लग्न होऊन सासरी होते. पण माय सांगायची, परभणीचे सर येतेत, सगळं लिवून नेतेत. कौसाबाई. तिची मी लेक."

कौसाबाई हे नाव तुमच्या तोंडून मी ऐकलं होतं. पाच-सहा वेळा तरी. तुम्ही हसून सांगायचात की त्या तुम्हाला आधी काम द्यायच्या, मग बोलायच्या. पाणी शेंदायला लावलं होतं एकदा.

मंगलताई म्हणाल्या, "आमच्या विहारात ठरलंय, ज्या बायांनी सुरुवातीला दीक्षा घेतली, त्यांच्याबद्दल लेकींनी बोलायचं. माय जाऊन लय वर्षं झाली. मला तिचंच बोलणं वाचायचं हाय. दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देव नदीत सोडले, त्या दिवसाचं. सरांना तिनं ते सांगितलेलं हाय, हे मला पक्कं ठाऊक हाय. मला ती नुसतं म्हणायची, सोडले, संपलं. सरांना पुरं सांगितलं म्हणे."

मी उठून त्या विषयाचं खोकं आणलं. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, "धर्मांतर लिहिलंय तुमी. माय असं कधी बोलली नसंल. आमी धम्म घेतला म्हणतो." मी म्हटलं, चिठ्ठी माझी आहे, सरांची नाही. त्या म्हणाल्या, "असू द्या."

त्या दिवसाबद्दलची कार्डं चार होती. वस्तीवरच्या चार बायकांनी वेगवेगळ्या वेळी तो एकच दिवस सांगितला, हे तुमच्याकडूनच मी ऐकलं होतं. आज चौघीही नाहीत, असं मंगलताई म्हणाल्या. मी ती चार कार्डं टेबलावर ओळीनं ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचली, शाळेत वाचतात तशी.

"देव टोपल्यात घातले, वरून फडकं टाकलं. मी लय रडले. देवासाठी न्हाई. टोपलं माह्या आईनं दिलेलं व्हतं, ते बी पाण्यात गेलं."

दुसरं: "आमाला हसू यायलं व्हतं. एक देव लाकडाचा व्हता, तो बुडंना. तरंगतच चालला. पोरं काठाकाठानं त्याच्यामागं पळायली. सासरा म्हणला, जाऊ द्या, त्याला बी दुसरं गाव बघू द्या."

तिसरं: "लगीन झाल्यापून मी पाय आखडून झोपायची. कोनाड्यात देव, तिकडं पाय करायचे न्हाईत, आन् खोली ती केवढी. देव गेले त्या दिवशी मी पाय लांब केले."

चौथं एवढंच: "त्या दिवसाचं मला काई आठवत न्हाई. लेकरू तापलं व्हतं."

वाचून झाल्यावर त्या कार्डांकडं बघत राहिल्या. मग विचारलं, "ह्यातलं मायचं कोणतं?"

मी सगळं सांगितलं. गड्ड्या, सुतळी, माझे अकरा दिवस. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मी थांबले तेव्हा म्हणाल्या, "सरांनी सांगितलं नाही कुणाला?"

"नाही."

"नावं लिवली नाहीत ते बरं केलं. आमच्या गावात चांगलं नव्हतं तवा वातावरण." मग पुन्हा कार्डांकडं बघून, "मी शाळेत पोरांना सांगत आले, माझी माय हसत गेली नदीवर. कुणी सांगितलं मला ते? मायनं तर नाही सांगितलं. मीच धरून चालले." त्यांनी दुसरं कार्ड उचललं, ठेवलं. चौथं उचललं. "मला एक भाऊ होता, मॅडम. माझ्या आधीचा. लहानपणीच गेला. कधी, कशानं, मायनं कधी सांगितलं नाही."

मी म्हटलं, "मग हे त्यांचंच असेल."

हे मी का म्हटलं? तुम्ही असतात तर माझा हात धरून मला थांबवलं असतं. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू मी त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसले आहे.

"त्या काळी कुणाचं लेकरू तापत नव्हतं?"

मी चहा केला. त्यांनी अर्धा घेतला. मी म्हटलं, चारही कार्डांची झेरॉक्स काढून देते, विहारात चारही वाचा. त्या म्हणाल्या, "आन् काय सांगू? ह्या चौघी हायेत, ह्यातली एक माझी माय हाय, तुमीच ओळखा? पुढं बाकीच्या तिघींच्या लेकी बसलेल्या असतील." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. चपला घालताना भिंतीला हात टेकला आणि मान न वळवता म्हणाल्या, "इथं येईस्तोवर मला माय ठाऊक होती. तुमी चार बायांना एका दोरीत बांधलं, मॅडम." फाटकापर्यंत मी गेले. पूर्णेकडं जाणारी गाडी दीडला होती, तीच गाठायची म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मी काहीतरी बोलू शकले असते.

अहो, मी इतकी वर्षं समजत होते की मी तुमचं पुस्तक बिघडवलं. पुस्तकाचं काय, पुस्तकं होतात, न होतात. पण एका बाईची आई मी पुसली. ती आई जगात दोनच जागी शाबूत होती, तुमच्या गड्डीत, आणि तुमच्या आठवणीत. एक मी सोडली आणि एक तुम्ही घेऊन गेलात.

मी आत आले. टेबलावर ती चार कार्डं तशीच होती. निदान तेवढी तरी वेगळी ठेवावीत म्हणून मी ती गोळा केली, कडा जुळवल्या, आणि पाठीमागून बांधायला उलटी धरली. खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती. वरच्या कार्डाच्या मागं, कोपऱ्यात, काहीतरी खरवडल्यासारखं दिसलं. कार्ड तिरकं धरलं. पेन्सिलीनं 'कौ' लिहिलेलं होतं आणि खोडरबरानं पुसलेलं होतं. कागदावर खाचा राहिल्या होत्या.

हे रडलेल्या बाईचं कार्ड होतं. मला वाटलं, धावत जावं, रिक्षा करावी, गाडी सुटायच्या आत मंगलताईंना गाठावं. मग दुसरं कार्ड उलटलं. त्याच्याही मागं 'कौ', पुसलेलं. तिसऱ्याच्याही. चौथ्याच्याही. चारही ठिकाणी तेच अक्षर, तुमचंच. चारही ठिकाणी घासून काढलेलं.

मी सहाही खोकी खाली काढली. कार्डांमागून कार्डं उलटली. कुठं 'ध', कुठं 'सुं', कुठं 'चारठाणा म्हा.', कुठं नुसतं प्रश्नचिन्ह. बहुतेक पुसलेली. काही इतक्या वेळा पुसलेली की कागद विरला आहे. एका कार्डावर माझ्या नावाचं अक्षर होतं, आणि तेही पुसलेलं. टेबलाच्या खणात खोडरबराचे तीन तुकडे निघाले, झिजून हरभऱ्याएवढे झालेले. मला वाटायचं ते मुलांच्या पाटीच्या वेळचे असतील. पाटीला कोण खोडरबर वापरतं, हे माझ्या लक्षात यायला तुम्ही जावं लागलं.

म्हणजे तुम्ही प्रयत्न करत होतात. सगळी दोनशे बारा माणसं परत लावायला बसला होतात, आठवणीवर, एकटे. आणि तुम्हाला येत नव्हतं. आणि अंदाजानं लावायचं नाही हा तुमचा नियम, म्हणून लिहिलेलं पुसत होतात.

मंगलताईंना मी हे कळवलेलं नाही. काय कळवू? 'तुमच्या आईला सरांनी चारही जागी बसवून पाहिलं आणि कुठंच बसवता आलं नाही', हे?

ईशान, अनया, आजोबांचं पुस्तक होणार नाही. ते कुणीही पूर्ण करू शकत नाही, आणि त्याला कारण तुमची आजी आहे. आजोबांनी हे तुम्हाला कधी सांगितलं नसतं. म्हणून मी सांगितलं.

आणि अहो, तुम्ही बसत तरी कधी होतात, याचा मी तीन दिवस हिशेब लावला. सकाळी मी समोर असायची, संध्याकाळी मुलांचा फोन, मग जेवण. उरते ती दुपार. दोन ते चार "जरा पडतो" म्हणून तुम्ही दार लोटून घ्यायचात. मी बाहेर बसायची, फोन बंद ठेवायची, भांडीवालीला चारनंतर ये म्हणायची, शेजारच्या पोरांना अंगणातून हाकलायची. तीन वर्षं, रोज, तुमची झोप मोडू नये म्हणून.